मोटार नसलेल्या वाटा: फ्रान्समधल्या कच्च्या सायकलमार्गांविषयी थोडं स्पष्ट

पुण्या-मुंबई-नाशिकच्या सायकलवाल्यांना फ्रान्स ठाऊक असतो तो बहुतेक ‘पीबीपी’मुळे. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, १२०० किलोमीटर, ९० तास, दर चार वर्षांनी एकदा. आणि तिथे पोहोचण्यासाठी आधी इथे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या बीआरएम फेऱ्या पुऱ्या करायच्या. नाहीतर मग टीव्हीवरची टूर द फ्रान्स. दोन्ही प्रामुख्याने डांबरी रस्त्यावरच्या. त्यामुळे तिकडच्या खेड्यापाड्यांतून जाणाऱ्या, मोटारींपासून मोकळ्या, मुरमाच्या वाटांविषयी बोलणं निघालं की ऐकीव गोष्टींचाच भरणा जास्त असतो.

यातली बरीचशी गल्लत एका गोष्टीने दूर होते. यातल्या जुन्या वाटा मुळात सायकलसाठी बांधलेल्याच नाहीत. एखादी आगगाडीसाठी झाली, एखादी नाव ओढणाऱ्या घोड्यासाठी, एखादी शेतावर जाणाऱ्या गाडीसाठी. ती कोणासाठी होती हे कळलं, की चढ किती असेल, चाकाखाली काय येईल आणि समोरून कोण येईल, याचा बराचसा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज असा, की नकाशावर नाव असलेला प्रत्येक लांब सायकलमार्ग मोटारविरहित असतो. नसतो. फ्रान्सच्या वाहतूक नियमांत ‘व्होआ व्हेर्त’, म्हणजे हरित मार्ग, ही वेगळी वर्गवारी २००४ साली आली. पायी चालणारे, घोडेस्वार आणि बिनमोटारीची वाहनं यांच्यासाठी राखलेली वाट, अशी तिची व्याख्या. तिच्या तोंडाशी निळी चौकोनी पाटी असते. ‘व्हेलोरूट’ ही चीज वेगळी. तो दूरच्या सायकलप्रवासासाठी खुणा लावून जोडलेला मार्ग. त्यात हरित मार्गाचे तुकडे येतात आणि गावातले कमी रहदारीचे साधे रस्तेही येतात. लुआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग याच जातीचा. सुंदर आहे, शांत आहे, पण त्यावर ठिकठिकाणी मोटारी भेटतात. सहा-सात वर्षांचं पोर स्वतःच्या सायकलवर सोबत असेल तर कमी रहदारी आणि शून्य रहदारी यांतला फरक फार मोठा असतो. म्हणून मार्गाच्या नावावर न जाता तुकड्यातुकड्याची माहिती पाहावी.

त्याला लागूनच दुसरी समजूत: हरित मार्ग म्हणजे कच्चा मार्ग. व्याख्या सांगते कोण जाऊ शकेल ते. खाली डांबर की मुरूम, हे ती ठरवत नाही. बरगंडीतल्या झिव्री ते क्ल्युनी या जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये झालेली वाट देशातल्या पहिल्या हरित मार्गांपैकी म्हणून ओळखली जाते, आणि ती चांगली गुळगुळीत, पक्की आहे. रोलर-स्केट घालून माणसं तिच्यावरून जातात.

रेल्वेच्या या वाटा आल्या कुठून, ते सांगायलाच हवं. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या योजनेला १८७९ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. जिल्ह्या-जिल्ह्यांतली छोटी गावंही रेल्वेने जोडायची, असा तो बेत होता. डोंगराळ, विरळ वस्तीच्या भागांतही रूळ गेले. पुढे बस आणि मोटारी आल्या, गाड्या रिकाम्या धावू लागल्या, एकेक मार्ग बंद पडला आणि रूळ उखडले गेले. उरले ते भराव, पूल, बोगदे आणि फाटकवाल्याची दगडी घरं.

‘कच्ची वाट म्हणजे छाती फुटेल असा चढ’ ही भीती इथे अगदीच निराधार ठरते. वाफेच्या इंजिनाला जे जमत नव्हतं ते वाटेत असणारच नाही. आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. फ्रान्समधल्या या बंद मार्गांवर चढ साधारण तीन टक्क्यांच्या आतच असतो. मात्र सौम्य म्हणजे सोपा, असंही समजू नये. रेल्वेचा चढ एकदा लागला की मैलोन्‌मैल संपत नाही, मध्ये उताराची विश्रांती नाही, आणि भुसभुशीत कचेवर तोच दीड-दोन टक्क्यांचा चढ पिंढऱ्यांना चांगला जाणवतो. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो आणि वेग मात्र पडलेला असतो, त्यामुळे नवखा माणूस ब्रेक घासतोय का ते तपासत बसतो.

दक्षिणेतल्या माझामे ते बेदारियू या ‘पासा पाईस’ मार्गावर हे सगळं एकत्र भेटतं. सुमारे ऐंशी किलोमीटरचा हा जुना रेल्वेमार्ग, बराचसा मातीमुरमाचा. वाटेत पाऊण किलोमीटरचा फेनीयचा बोगदा आहे. डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस अटलांटिककडे जातो, दुसऱ्या अंगाचा भूमध्य समुद्राकडे, आणि झाडीही त्या हिशेबाने बदलत जाते: अलीकडे गर्द ओलसर जंगल, पलीकडे चेरीच्या बागा आणि द्राक्षांचे मळे. रणरणत्या उन्हातही बोगद्यात गारठा असतो, तेव्हा जाकीट पिशवीच्या तळाशी ठेवू नये. दिवाही हवाच. आणि सगळे बोगदे बारा महिने उघडे असतील असं गृहीत धरू नये. क्ल्युनीजवळचा बोआ क्लेअरचा १.६ किलोमीटरचा बोगदा हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात. मला हा नियम मनापासून पटतो. डोंगरावरून वळसा घ्यावा लागला तरी चालेल.

आता कालवे. पाणी सपाट म्हणून काठही सपाट, हे खरं. चढ येतो तो फक्त नावांना वर-खाली नेणाऱ्या लॉकपाशी, दोन-तीन मीटरचा. पण सपाट म्हणजे गुळगुळीत, हा समज मिदी कालव्यावर मोडीत निघतो. प्येर-पोल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात उभारलेला, तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या थो सरोवरापर्यंतचा हा २४० किलोमीटरचा कालवा १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुलूझकडून पहिले पन्नासेक किलोमीटर काठाची वाट पक्की आहे. पुढे तिचं रूप बदलत राहतं: कुठे दाबून बसवलेली कच, कुठे हातभर रुंदीची मातीची पायवाट, आणि प्लेनच्या झाडांची मुळं थेट वाटेवर. पावसानंतर ही मुळं साबणासारखी निसरडी होतात आणि एका बाजूला पाणी असतं. चित्रांत दिसणारी सलग सावलीही आता गृहीत धरता येत नाही. २००६ मध्ये या झाडांवर बुरशीचा असाध्य रोग आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. नवी लावली जात आहेत, पण ती मोठी व्हायला एक पिढी जाईल. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्याने टोपी आणि पाणी यांचा विचार त्या हिशेबाने करावा.

इथे दोन गोष्टींपाशी थांबून पाहावं. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांतल्या दगडांत बोटभर खोल खाचा दिसतात. घोडे नाव ओढत तेव्हाचे दोर दगडावर घासून त्या पडल्या. आणि लॉक सांभाळणाऱ्याच्या घरावर एक पाटी असते: वरच्या बाजूचं लॉक इतके मीटर, खालचं इतके. नावाड्यांसाठी लावलेली ती पाटी सायकलवाल्याला मोबाइलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

‘शेतातली, जंगलातली वाट, म्हणजे तिथे मोटार येणं बेकायदेशीरच’ हा समज मात्र धोक्याचा आहे. आपल्या पाणंदीसारखे ‘शमँ रुराल’ हे रस्ते ग्रामपालिकेच्या मालकीचे आणि लोकांच्या वापराला खुले असतात. महापौरांनी मनाई केली नसेल तर त्यांवर ट्रॅक्टर, मोटार, मोटारसायकल कायद्यानेच येऊ शकते. १९९१ च्या कायद्याने बंदी घातली ती वाटा सोडून रानात वाहनं घालण्यावर. द्राक्षतोडणीच्या दिवसांत मळ्यांमधल्या पांढऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची चांगलीच ये-जा असते, आणि वळणावर वाट त्यांचीच असते, कारण काम त्यांचं चालू असतं. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. जंगलाच्या तोंडाशी शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर परत फिरावं आणि त्या महिन्यांत भडक रंगाचे कपडे घालावेत.

महागडी ‘ग्रॅव्हल बाइक’ घेतल्याशिवाय या वाटा होणार नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी फ्रेंच सायकलींचा इतिहास चाळावा. ग्रॅव्हल या नावाची लाट अमेरिकेतून आली, पण कच्च्या रस्त्यावर रुंद टायरने लांब फिरणं फ्रान्समध्ये फार जुनं आहे. १९११ मध्ये टूर द फ्रान्स प्रथम गालिबिए घाटात गेली तेव्हा तो रस्ता कच्चाच होता. सेंट एतिएनचे पोल द व्हिव्ही ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने गिअरच्या सायकलींचा आणि रमतगमत प्रवासाचा आयुष्यभर पुरस्कार करत राहिले. गेल्या शतकाच्या मध्यावर तिथले हौशी प्रवासी ६५०बी मापाची चाकं आणि सुमारे ४० मिलिमीटरचे टायर वापरत; आज नवं म्हणून विकलं जाणारं माप तेच. साध्या हायब्रिड सायकलला ३८–४० चे टायर बसत असतील, तर हवा थोडी कमी ठेवून हरित मार्ग आणि कालवे आरामात होतात. इलेक्ट्रिक सायकलही चालते, तिच्या मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबत असेल तर.

खेडं आलं की खायला मिळेल, हेही खरं नाही. दुपारी दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर बंद, अनेक ठिकाणी सोमवारीही बंद. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधावी. तिथे सहसा नळ असतो. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, ते बघावं.

शेवटचा गैरसमज परतीचा. थकलो तर रेल्वेने येऊ, असं सगळेच म्हणतात. प्रादेशिक गाड्यांत सायकल बहुधा फुकट नेता येते, हे बरोबर. पण जी वाट जुन्या रेल्वेवरूनच जाते तिच्या मधल्या गावांत गाडी कुठून असणार? ब्रिटनीतल्या नाँत–ब्रेस्ट कालव्याचा रदों ते जोसलँ हा साठएक किलोमीटरचा टप्पा नवख्यांसाठी मला सर्वांत आवडतो, पण स्टेशन रदोंला आहे, जोसलँला नाही. तिथे मुक्काम करून त्याच काठाने परत यावं लागतं. पासा पाईसला दोन्ही टोकांना स्टेशन आहे, म्हणून एकाच दिशेने जायचं असेल तर तो निवडावा, आणि परतीच्या गाडीची वेळ निघण्याआधीच टिपून ठेवावी.