विश्लेषण : उशिरा बसणाऱ्या, न बोलणाऱ्या बाळाचे आधी कान का तपासायचे?

बाळ आठ महिन्यांचे झाले तरी बसत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही आणि दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. अशा बाळाकडे पाहून घरातले, शेजारचे आणि कधी कधी डॉक्टरही एकच निष्कर्ष काढतात : वाढ मंद आहे, बोलणेही त्यामुळेच लांबले आहे. निष्कर्ष अर्धा बरोबर असू शकतो. पण त्याच बाळाला ऐकूही येत नसेल, तर ही अर्धी चूक फार महागात पडते. फलटणसारख्या तालुक्याच्या गावात अशा बाळाला वाढवायचे म्हणजे नेमके काय करावे लागते, याचा हा आढावा.

दोन अडचणी एकमेकींना कशा लपवतात?

विकासातील अडचण आणि श्रवणदोष एकत्र असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. अमेरिकेतील गॅलॉडेट विद्यापीठाने कर्णबधिर विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे सर्वेक्षणे केली. त्यांत सुमारे ४० टक्के मुलांना श्रवणदोषाबरोबर आणखी एखादी अडचण असल्याचे दिसले. यामागचे कारण साधे आहे. जी संकटे कानाच्या नसेला इजा करतात, त्यांतली बरीच मेंदूलाही इजा करतात. दिवस भरण्याआधीचा जन्म, जन्मताच न रडणे, रक्त बदलावे लागेल इतकी वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणात आईला झालेला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग ही त्यांतली ठळक कारणे. आपल्याकडे आणखी एका कारणाचा उल्लेख टाळून चालणार नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. आईवडील दोघांकडे एकच सुप्त जनुकीय दोष असण्याची शक्यता अशा नात्यात वाढते, आणि जन्मजात बहिरेपणाचे अनेक प्रकार याच वाटेने येतात. यात कोणाचा गुन्हा नाही. पण पहिल्या मुलाला श्रवणदोष असेल तर दुसऱ्याचा कान जन्मताच तपासायला हवा, एवढे तरी त्यातून कळते.

मेंदूचा पक्षाघात असलेले मूल हाक मारल्यावर मान वळवत नाही. त्याला ऐकू येत नाही, की ऐकू येऊनही मान वळवता येत नाही? स्वमग्न मूल हाकेला प्रतिसाद देत नाही. ते लक्ष देत नाही, की आवाज पोहोचतच नाही? डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साठते, म्हणून ते आज ऐकते आणि पुढच्या महिन्यात ऐकत नाही. घरच्यांना तो हट्ट वाटतो. उलटही होते. नुसता श्रवणदोष असलेल्या हुशार मुलाची बुद्धिमत्ता तोंडी सूचना देऊन मोजली जाते आणि त्याच्या माथी मतिमंदत्वाचा शिक्का बसतो. म्हणून तज्ज्ञांचा क्रम ठरलेला आहे : वाढीविषयी कोणताही शिक्का मारण्याआधी कान तपासा, आणि डोळेही तपासा. ज्याचा कान अधू आहे त्याची सगळी भिस्त डोळ्यांवर असते.

थाळी वाजवून का कळत नाही?

घरोघरी होणारी तपासणी म्हणजे आजीने पाठीमागून वाजवलेली थाळी. बाळ वळले की ‘ऐकू येतंय की चांगलं’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. पण बाळाला आजीची सावली दिसलेली असते, जमिनीतून किंवा पाळण्यातून कंप जाणवलेला असतो, किंवा चुलत भावाने वळून पाहिले म्हणून तेही वळलेले असते. कर्णबधिर मुले या बाबतीत विलक्षण चौकस असतात. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला की दारापाशी धावणारे मूल तो छातीतून ‘ऐकत’ असू शकते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. बहिरेपणा म्हणजे दिव्याचे बटण बंद होणे नव्हे. अनेक मुलांना जाड, खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, बारीक आणि तीव्र आवाज येत नाहीत. फलटणच्या मुलाच्या कानावर दिवसातून दहा वेळा पडणारा ‘ऊस’ हाच शब्द घ्या. ‘ऊ’ खालच्या पट्टीत असतो, ‘स’ अगदी वरच्या. अशा मुलाला ‘ऊ’ ऐकू येतो आणि ‘स’ हवेत विरून जातो. त्याच्यासाठी ऊस आणि ऊ यांत फरकच नसतो. हाक मारली की ते वळते, पण शब्द तयार होत नाहीत. ‘कळतं सगळं, बोलत मात्र नाही’ हे वाक्य आईच्या तोंडी येते ते इथून.

खरी तपासणी वेदनारहित आहे. ओएई तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात छोटे बोंडूक ठेवतात आणि आतल्या कानातून उमटणारा अतिसूक्ष्म प्रतिध्वनी यंत्र टिपते. काही मिनिटांचे काम. बेरा तपासणीत डोक्याला तारा चिकटवून आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे पाहतात. इथे एक खाच आहे. तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता कक्षात राहिलेल्या काही बाळांचा आतला कान ठीक असतो, बिघाड नसेत असतो. असे बाळ ओएईमध्ये ‘पास’ होते आणि बेरामध्ये नापास. म्हणून काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळाचा नुसता ओएईचा कागद पाहून समाधान मानू नये. बेरा करून मागावी. जगभर मान्य झालेले वेळापत्रक असे : एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि भाषेची सुरुवात. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस असते, हे अमेरिकेतील कोलोरॅडोमध्ये झालेल्या अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवून दिले. सहा महिने उलटून गेले म्हणून वेळ संपली असे मात्र नाही. दोन वर्षांचे मूलही पुष्कळ पुढे जाते. फक्त आणखी एक वर्ष ‘वाट पाहू’ म्हणायची चैन परवडत नाही. ‘याचे वडीलही चार वर्षांनी बोलले’ ही घराण्याची आठवण खरी असेल, पण ती तपासणीला पर्याय नाही.

फलटणहून जायचे कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात, आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता व विकासातील विलंब शोधतात. संशयित मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र निदान व हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. फलटणकरांसाठी याचा अर्थ सुमारे साठ किलोमीटरवरचे सातारा. काही तपासण्यांना पुणे किंवा मुंबई. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच विषयावर काम करते.

कागदावर हे सुरळीत दिसते. प्रत्यक्षात आईला एक दिवस कानासाठी, एक दिवस फिजिओथेरपीसाठी, एक दिवस वाचा उपचारासाठी एसटीने जावे लागते, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागते. एकाच वारी सगळ्यांची वेळ मागून घेणे आणि सगळे कागद तारखेनुसार एका फायलीत लावणे, हे क्षुल्लक वाटणारे काम या प्रवासात औषधाइतके उपयोगी पडते. हंगामात मराठवाड्यातून या पट्ट्यात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना तर ही फाईल जीव की प्राण. दिवाळीच्या सुमारास फडावर आलेले मूल उन्हाळ्यात गावी परतते. तपासणी एका जिल्ह्यात आणि यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात, असे झाले की साखळी तुटते.

खर्चाचे काय? केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून गरजू मुलांना श्रवणयंत्रे मिळतात. जन्मजात बहिऱ्या बालकांना पाच वर्षांच्या वयापर्यंत कॉक्लिअर इम्प्लांटही याच योजनेतून मिळू शकते. त्याची नोडल संस्था वांद्र्याचीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत श्रवणदोष, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता आणि बहुविकलांगताही येते. प्रमाणपत्र काढताना दोन्ही अडचणींची नोंद व्हावी, असा आग्रह धरावा. नुसत्या श्रवणदोषाला ‘निरामय’ आरोग्य विमा लागू नाही, पण मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर एक लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण मिळते. एका कागदावर एकच दोष लिहिला गेला म्हणून हक्क हुकायला नको.

यंत्र बसवले की बोलेल?

नाही. सर्वांत जास्त निराशा याच अपेक्षेतून येते. चष्मा लावला की दिसते. श्रवणयंत्र लावले की फक्त आवाज येतो. त्या आवाजाला अर्थ देण्याचे काम महिनोन्‌महिने चालते. इम्प्लांटचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात आणि त्या दिवशी मूल नवजात बाळासारखे ऐकायला लागते. विकासातील अडचण असलेल्या मुलाकडून वाक्यांचीच अपेक्षा ठेवली तर घर खचते. आई स्वयंपाकघरात आहे हे आवाजावरून कळणे, हाकेला हसणे, गाडीचा हॉर्न ओळखून थांबणे, ही त्याच्या बाबतीत मोठी कमाई आहे.

यंत्र जागेपणी पूर्ण वेळ हवे. ‘पाहुणे आले की लावतो’ याचा उपयोग नाही. कानातला साचा बाळाच्या वाढीबरोबर लहान पडतो आणि यंत्र शिटी मारू लागते. पहिल्या काही वर्षांत तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. रोज सकाळी सहा आवाजांची परीक्षा घरीच घेता येते : म, ऊ, आ, ई, श, स. तोंड झाकून एकेक आवाज काढायचा आणि मूल कशाला प्रतिसाद देते ते वहीत लिहायचे. कालपर्यंत ऐकू येणारा ‘श’ आज येत नसेल, तर बॅटरी, साचा किंवा कानातले पाणी तपासायचे. मूल फटकळ झाले, असे मानायचे नाही.

कमला निंबकर यांचे नाव इथे का येते?

फलटणकरांना हे नाव शाळेमुळे माहीत आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले कमला निंबकर बालभवन गावातच आहे. पण कमलाताई कोण, हे विचारले तर अनेकांना सांगता येत नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमलाताई फलटणच्या बनबिहारी निंबकरांच्या मातोश्री. भारतात ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामातून उपचार करण्याचे शास्त्र, त्यांनी आणले. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे पहिले शिक्षण त्यांच्याच प्रयत्नांनी सुरू झाले, आणि १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

दोन अडचणी असलेल्या बाळाच्या घरात या शास्त्राची किंमत कळते. मान न धरणाऱ्या बाळाचे श्रवणयंत्र उशीला घासून शिटी मारते, निसटते. इथे कानाचा डॉक्टर काही करू शकत नाही. बाळाला आधार देऊन सरळ बसवले, खोलीच्या कोपऱ्यात उशा लावून किंवा कोनात बनवलेल्या खुर्चीत, की दोन्ही कान मोकळे होतात, हात मोकळे होतात आणि आईचा चेहरा समोर येतो. यंत्राला दोरी बांधून ती अंगड्याला अडकवायची. मग बोलायचे ते हातभर अंतरावरून, आणि टीव्ही, मिक्सर बंद ठेवून. वेगळा ‘थेरपीचा तास’ लागत नाही. अंघोळीत पाणी, साबण, ओले, गरम. भाकरी थापताना पीठ, गोल, चटका. तेच शब्द, त्याच क्रमाने, रोज. शब्द म्हटल्यावर थांबायचे आणि बाळाला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. ज्याचे स्नायू उशिरा हलतात, त्याचे उत्तर दहा सेकंदांनी येते. आपण तिसऱ्या सेकंदाला पुढचे बोललेलो असतो.

खाणाखुणा कराव्यात का? महाराष्ट्रातील अनेक कर्णबधिर शाळांमध्ये बोलण्यावर भर देण्याची परंपरा राहिली आणि ‘खुणा केल्या तर बोलायचा आळस करेल’ ही भीती घराघरांत पोहोचली. या मुलांच्या बाबतीत ती भीती बाजूला ठेवलेली बरी. ‘पाणी’ची खूण जमली तर मूल रडून मागणार नाही. तोंडाचे स्नायू साथ देतील तेव्हा शब्द येईल, तोपर्यंत त्याने गप्प का बसावे? चित्रांची पाटी, फोटो, नजरेने निवडणे, हीदेखील भाषाच आहे.

अंगणवाडीत घालावे का?

कायद्याने मूल सहा वर्षांचे झाले की जवळच्या किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याआधी मात्र तिसऱ्या वर्षी अंगणवाडीत पाठवणे बहुतेक मुलांच्या फायद्याचे ठरते, कारण बोलणारी मुले तिथे भेटतात. ताईंना तीन गोष्टी आधी सांगाव्यात. त्याला खिडकी-पंख्यापासून दूर आणि ताईंच्या जवळ बसवायचे. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे नको. आणि यंत्राचा लाल दिवा लागला तर काय करायचे, हे कागदावर लिहून डब्याच्या पिशवीत ठेवायचे, जोडीला एक जादा बॅटरी.