पेटी, वळकटी आणि दूरचे महाविद्यालय

पेंच नदीच्या खोऱ्यातील पारशिवनी तालुक्यात बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास इच्छित अभ्यासक्रमासाठी बहुधा नागपूर, आणि कित्येकदा पुणे वा मुंबई गाठावी लागते. प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांविषयी शिक्षक मार्गदर्शन करतात. सामान कसे न्यावयाचे हा प्रश्न मात्र घरच्यांवर सोडला जातो. ज्या घरातून प्रथमच कोणी शिकावयास बाहेर पडत आहे, तेथे हा प्रश्न लहान नसतो.

पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यास आधी नागपूर स्थानक गाठावे लागते. रेल्वेने प्रत्येक प्रवाशास वर्गानुसार मोफत सामानाची मर्यादा ठरवून दिली आहे. द्वितीय श्रेणीत ३५ किलो, तर शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत ४० किलो. पत्र्याची पेटी, वळकटी, पुस्तके आणि आईने दिलेले तांदळाचे पोते एकत्र केले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अधिक सामान असल्यास ते गाडी सुटण्यापूर्वी किमान अर्धा तास आधी स्थानकावरील सामान कार्यालयात तिकीट दाखवून नोंदवावे. त्यास साधारण दराच्या दीडपट आकार पडतो. न नोंदवता नेलेले जादा सामान वाटेत तपासणीत आढळल्यास सहापट आकार भरावा लागतो. शंभर सेंटिमीटरपेक्षा लांब पेटी डब्यात नेता येत नाही, हेही पेटी विकत घेतानाच ध्यानात असावे. स्वयंपाकाचा गॅस वा रॉकेल सोबत नेणे हा तर रेल्वे अधिनियम, १९८९ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

नोंदणीचा आणखी एक लाभ आहे. पावती घेऊन रेल्वेच्या ताब्यात दिलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते. स्वतःजवळ ठेवलेले सामान हरवल्यास रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. मात्र मूल्य घोषित केलेले नसल्यास भरपाई किलोमागे १०० रुपयांपुरतीच मर्यादित राहते.

म्हणूनच मूळ कागदपत्रे पेटीत ठेवू नयेत. प्रस्तुत लेखक स्वतः विद्यार्थी असताना त्याची पेटी बदली होऊन दुसऱ्याच गावी उतरली. कपडे गेल्याचे दुःख दोन दिवसांचे होते. परंतु शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका आत असल्याने प्रवेशाची मुदत टळता टळता राहिली. जातवैधता प्रमाणपत्रासारखा कागद पुन्हा मिळविणे किती जिकिरीचे असते, हे वाचकांस सांगावयास नको. मूळ कागद अंगावरील पिशवीत, छायाप्रतींचा संच पेटीत आणि एक संच घरी असावा. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवल्यास उत्तम.

पुस्तकांचे ओझे टाळण्यास टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा उपयुक्त आहे. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या या सेवेत ५ किलोपर्यंतचे शैक्षणिक साहित्य सवलतीच्या दरात पाठविता येते. ते भूमार्गे जाते, त्यामुळे काही दिवस आधी टाकलेले बरे. गादीचा प्रश्न वेगळा आहे. वऱ्हाडी कापसाची गादी कितीही मऊ असली तरी ती गाडीत न्यावयाची वस्तू नव्हे. एक सतरंजी आणि एक चादर पहिल्या आठवड्यास पुरेशी होते.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे. भोजन, निवास व निर्वाह यांसाठी मुंबई, पुणे, नागपूर आदी मोठ्या शहरांत या योजनांतून वार्षिक ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. तालुक्याच्या उत्तरेकडील जंगलपट्टीतील गावांना दुसरी योजना विशेष उपयोगी आहे. परंतु ही रक्कम प्रवेशानंतरच खात्यात जमा होते. पहिल्या प्रवासाचा, खोलीच्या अनामतीचा आणि सामानाच्या हमालीचा पैसा घरातूनच उभा करावा लागतो, आणि बहुधा येथेच एखाद्या मुलीचे शिक्षण थांबते. पंचायत सदस्यांनी अशा घरी निकालाच्या दिवशी नव्हे, तर निकालापूर्वी जावे. अर्ज भरून घेण्यास शिक्षकही सोबत असावेत. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सामान गावातील रास्त भाव दुकानाच्या काट्यावर तोलून घ्यावे. तेथे जे काढून ठेवले जाईल, त्याचा आकार भरावा लागणार नाही.