दिव्यातले दहिवर

आषाढातल्या एका संध्याकाळी रत्नागिरीहून कोल्हापूरकडे परतणारी एक मोटार साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागली. बाहेर धुके होतेच, पण उजव्या हेडलाइटच्या आतही दुसरे धुके साचले होते. प्रकाशाचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी दुधासारखा पसरत होता आणि कडेची पांढरी पट्टी दिसेनाशी झाली होती. गाडी चालवणाऱ्या तरुणाने पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे धरून सारा घाट पार केला. मागे बसलेले त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. घाटमाथा येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.

सकाळी पाहिले तेव्हा दिव्याच्या आत टपोरे थेंब लोंबत होते आणि तळाशी पाण्याची रेघ साठली होती. सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजाऱ्यांनी तळाला बारीक भोक पाडायला सांगितले. भाच्याने सिलिका जेलच्या पुड्या आत सोडण्याचा उपाय सुचवला. सुट्या भागांच्या दुकानदाराचे म्हणणे एकच, जोडी बदला. अखेर शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क वायरमनने बॉनेट उघडले, दिव्याच्या पाठीमागे हात घातला आणि तो लगेच बाहेर काढला.

“सर, काचेला काही झालं नाही. मागची टोपीच नाही.”

दोन महिन्यांपूर्वी महामार्गावरच्या एका दुकानात बल्ब बदलला होता. तेव्हा काढलेली रबरी टोपी पुन्हा बसवायची राहून गेली होती. इंजिनाच्या बाजूने उडणारे पाणी त्या मोकळ्या तोंडातून आत शिरत होते.

हेडलाइट बाटलीसारखा घट्ट बंद असतो, ही समजूत आता जुनी झाली. अमेरिकेत 1940 पासून बल्ब, आरसा आणि काच एकत्र सांधलेले ‘सील्ड बीम’ दिवे सक्तीचे झाले. त्यांत दमटपणा शिरण्याचा प्रश्नच नव्हता, पण तार तुटली की सगळा दिवाच फेकावा लागे. 1983 मध्ये तिथे बदलता येणाऱ्या बल्बच्या दिव्यांना परवानगी मिळाली. पुढे काचेची जागा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकने घेतली, तरी आपल्या बोलण्यात तिचे नाव काचच राहिले. असा दिवा श्वास घेतो. आतली हवा 30 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापली की सुमारे एक दशांश फुगते. दिवा विझल्यावर ती आकसते आणि तितकीच हवा बाहेरून ओढली जाते. त्यासाठी पाठीमागे लहान नळी किंवा छिद्र ठेवलेले असते. काही दिव्यांत त्यावर वाफ जाऊ देणारा, पण पाणी अडवणारा पातळ पडदा असतो. सारी तोंडे बंद केली तर हा दाब सांध्यावर येतो. शिवाय आत आलेला ओलावा आतच कोंडला जातो.

म्हणूनच दहिवर कोणते आणि गळती कोणती, हे आधी ओळखायला हवे. दिव्यात पाच लिटर हवा मावते असे धरू. 30 अंशांची वाफेने पूर्ण भरलेली हवा 20 अंशांवर आली, तर तिच्यातून सुटणारे पाणी भरते जेमतेम एक-दीड थेंब. एवढ्या पाण्याने काचेच्या कोपऱ्यावर पातळ वाफ धरते. दिवा लावून गाडी अर्धा-पाऊण तास चालवली की ती बहुधा निघून जाते आणि तिच्यासाठी दिव्याला हातही लावू नये. मात्र टपोरे ओघळ, तळाशी साचलेले पाणी किंवा दिवसेंदिवस न हटणारे धुके दिसले, तर पाणी बाहेरून येते आहे हे नक्की.

वायरमनने दिवा गाडीतून सोडवला. बल्ब निवल्यावर काढला आणि कागदात गुंडाळून ठेवला, कारण हॅलोजन बल्बच्या काचेला बोटांचे तेल लागले की तो लवकर जातो. मग दिवा तोंडे खाली करून उन्हाच्या तिरिपीत ठेवला. राहिलेली ओल हेअर ड्रायरच्या मंद, लांबून सोडलेल्या हवेने गेली. आतला आरसा त्याने फडक्याने पुसला नाही. आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की पुसताना तोच निघून येतो.

टोपी सापडली तरी त्याची खात्री पटली नव्हती. मागची तोंडे चिकटपट्टीने बंद करून त्याने दिवा पाण्याच्या घमेल्यात धरला आणि श्वासनळीतून हलकेच फुंकर घातली. पंक्चरवाला ट्यूब बुडवून पाहतो, तीच ही रीत. सांध्यातून बुडबुडा आला असता तर काम वाढले असते. जुना ब्यूटाइल रबराचा सांधा ऊब देऊन सोडवता येतो आणि नवी पट्टी घालून बसवता येतो. पण काही दिव्यांत काच कडक गोंदाने चिकटवलेली असते. ती उघडायला गेले की फुटते, आणि अशा वेळी नवा दिवा घेणेच स्वस्त पडते. वरून सिलिकॉन थापण्याची घाई मात्र नडते. आंबट वासाच्या सिलिकॉनची वाफ त्या पातळ थराला मानवत नाही आणि खरी फट झाकली गेल्याने पुढे सापडत नाही. भोक पाडल्यास पाणी निघते, पण त्याच वाटेने धूळही येते. सिलिका जेल फार तर काही दिवस ओल शोषते. मोकळे तोंड बुजवणे तिला जमत नाही.

घमेल्यात बुडबुडा उठला नाही. नवी टोपी आली आणि श्वासनळीतला चिखल तारेने काढला गेला. उठता उठता त्या तरुणाने हॅलोजनच्या जागी बाजारी एलईडी बसवण्याची गोष्ट काढली. वायरमनने मान हलवली. त्याच्याकडे येणारे निम्मे ओले दिवे त्याच हौसेचे असतात. पंखा मावावा म्हणून टोपी कापतात आणि कापलेली टोपी पुन्हा नीट बसत नाही. त्यात एलईडीची उष्णता पाठीमागे जाते, समोरची काच थंड राहते आणि धरलेली वाफ वाळायला वेळ लागतो. ज्या गाड्यांत मुळातच एलईडी असते, त्यांचा दिवा हे जमेस धरूनच घडवलेला असतो.

श्रावणात ते दोघे पुन्हा त्याच वाटेने परतले. आंबा गावात चहाला थांबल्यावर सर खाली उतरले आणि वाकून दिव्याकडे पाहू लागले. खालच्या कोपऱ्यात बोटभर वाफ धरली होती. मुलाचा चेहरा उतरला. सर काही न बोलता गाडीत बसले आणि मलकापूरला त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली. तोवर काच कोरडी झाली होती.