फुलपाखराचा मुखवटा

आपल्या मराठीने फुलपाखराला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. आज या फुलावर, उद्या त्या, असा चंचल माणूस दिसला की आपण त्याला खुशाल फुलपाखरू म्हणून मोकळे होतो. जीव गेला की प्राणपाखरू उडाले असे म्हणायचे, पण ते पाखरू कुठले, याची चौकशी कोणी करीत नाही. ग्रीकांनी ती केली होती. त्यांच्या भाषेत आत्मा आणि फुलपाखरू या दोहोंना शब्द एकच : ‘सायकी’.

जपानी माणसालाही हा संबंध नवा नाही. लॅफ्कॅडिओ हर्न याच्या ‘क्वायदान’ (१९०४) या पुस्तकात एक गोष्ट आहे. दफनभूमीशेजारी राहणारा एक म्हातारा मरणाच्या दारी टेकला आहे. एक मोठे पांढरे फुलपाखरू येऊन त्याच्या उशीवर बसते. पुतण्या ते पुनःपुन्हा हाकलतो आणि शेवटी त्याच्या मागोमाग बाहेर पडतो. एका थडग्यापाशी ते दिसेनासे होते. ते थडगे म्हाताऱ्याच्या वाग्दत्त वधूचे असते. लग्नाच्या तोंडावर ती गेली होती, आणि हा जन्मभर अविवाहित राहिला होता.

हे सारे मला आठवले ते एका व्हिडिओ गेममुळे! प्राध्यापकाने असल्या खेळाबद्दल लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण ‘पर्सोना’ ही जपानच्या अ‍ॅटलस कंपनीची खेळमाला साधी नाही. पर्सोना म्हणजे लॅटिनमध्ये नटाचा मुखवटा. माणूस चारचौघांत जो चेहरा वागवतो, त्याला कार्ल युंगने हे नाव दिले. १९९६ साली आलेल्या पहिल्या खेळात शाळेतली मुले बेशुद्ध पडतात आणि एका अद्‌भुत जागी फुलपाखराचा मुखवटा ल्यालेला एक गृहस्थ नायकाला भेटतो. तो काय विचारतो? नाव! या ठिकाणी स्वतःचे नाव आठवणारे थोडेच असतात, असेही सुनावतो. आम्ही वर्गात रोज हजेरी घेतो. हा प्रश्न काही आम्हाला अशा रीतीने विचारता आलेला नाही.

या गृहस्थाचे नाव फिलेमॉन, आणि तेही युंगकडूनच आलेले. युंगला स्वप्नात एक म्हातारा दिसला होता : डोक्याला बैलाची शिंगे आणि पाठीला खंड्या पक्ष्याचे पंख. त्याने त्याचे चित्र काढायला घेतले, आणि त्याच दिवसांत सरोवराकाठच्या बागेत त्याला एक मेलेला खंड्या सापडला. झुरिकच्या आसपास हा पक्षी क्वचितच दिसतो. खेळ रचणाऱ्यांनी खंड्याचे पंख काढून फुलपाखराचे दिले. स्वप्नात फुलपाखरू झालेला आणि जागे झाल्यावर ‘आता मी फुलपाखराच्या स्वप्नातला माणूस तर नव्हे?’ असा पेच पडलेला चीनचा चुआंग-त्झू त्यांच्या मनात असावा, असे मला वाटते.

पुढच्या खेळांतून फिलेमॉन माणूस म्हणून दिसेनासा होतो, आणि मागे उरते निळे फुलपाखरू. सुरुवातीच्या खेळांत डाव तिथवर जतन करायचा तर अगस्त्य नावाच्या झाडापाशी जावे लागे. (संस्कृतात अगस्त्य म्हणजे आपला हादगा, जपान्यांना भोंडला मात्र ठाऊक नसावा.) २००८ च्या चौथ्या खेळात ते काम फुलपाखरू करते. २०१६ च्या पाचव्यात तर लव्हेन्झा नावाची मुलगीच त्या रूपात येते.

माझ्या मनात घर केले ते मात्र २००६ च्या तिसऱ्याने. माझी धाकटी मुलगी तो खेळत असे आणि मी मागे खुर्ची टाकून बसे. नायक पोरका. गोष्ट एका एप्रिलपासून पुढच्या मार्चपर्यंत चालते. ३१ डिसेंबरला त्याला निवड करायची असते : सर्वांचा अंत जवळ आला आहे हे विसरून उरलेले दिवस आनंदात घालवायचे, की सारे ध्यानात ठेवून त्याला सामोरे जायचे?

मुलीने यंत्र मांडीवर ठेवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, आजीला माहीत होतं?”

माझी आई आदल्या वर्षी गेली. दुखणे काय आहे ते तिला सांगायचे नाही, असे आम्ही भावंडांनी ठरवले होते. अशा घरांत असे ठरतेच.

“आम्ही सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो.

“पण तिने मला तिच्या पाटल्या दाखवल्या होत्या. कोणती कुणाची ते सांगून ठेवलं होतं,” मुलगी म्हणाली, आणि तिने ध्यानात ठेवायचे उत्तर निवडले.

मार्चमध्ये शाळेच्या गच्चीवर, मित्र जिना चढून धावत येत असताना, नायक डोळे मिटतो. मुलगी रडली. जेवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तिने खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला होता : मध्यरात्रीची वेळ, स्टेशनात येणारी आगगाडी, आणि पडद्यावर ते निळे फुलपाखरू.