खिशांतील वीज

वीज उत्पन्न करणें मनुष्याला साधलें, तरी ती गांठीस बांधून बरोबर नेणें ही गोष्ट फार काळ अवघड राहिली. फ्रान्सच्या प्लांते यानें १८५९ सालीं शिसें व गंधकाम्ल यांपासून पुनःपुन्हां भरतां येणारा विद्युद्घट तयार केला. तोच घट थोडाफार सुधारून आजही मोटारींत बसवितात. त्याचा मोठा दोष म्हणजे वजन. एक किलो वजनाच्या अशा घटांत तीस-चाळीस वॅट-तासच वीज मावते. मोबाइलमधील किंवा विजेच्या दुचाकींतील लिथियमचा घट तेवढ्याच वजनांत दीडशें ते अडीचशें वॅट-तास सांठवितो.

लिथियम हा सर्व धातूंत हलका, आणि आपल्या अणूंतील एक इलेक्ट्रॉन सोडून देण्यास अत्यंत उत्सुक. या उत्सुकतेंतच त्याचें सामर्थ्य आहे व त्याचा उपद्रवही. १९७० नंतरच्या दशकांत व्हिटिंगहॅम यांनीं शुद्ध लिथियम वापरून घट केला; पण तो वारंवार भरला असतां धातूवर सुईसारखे कांटे उगवत, ते पलीकडील अग्रास भिडत आणि घट पेटे. १९८० सालीं गुडइनफ यांनीं कोबाल्टचें संयुग सुचविलें, १९८५ सालीं योशिनो यांनीं धातूच्या जागीं कर्ब योजिला, आणि १९९१ सालीं हा घट जपानांत विक्रीस आला. तिघांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आतां लिथियमचे भारित कण, विणकराचा धोटा फिरावा तसे, दोन थरांमध्यें येरझारा घालतात.

तथापि भीति सर्वस्वी गेली नाहीं. एक किलो पेट्रोलमध्यें या घटाच्या कितीतरी पट शक्ति असते. पण बंद डब्यांतील पेट्रोल हवेवांचून जळत नाहीं. घटांत मात्र परस्परांवर झेप घेऊं पाहणारे दोन्ही पदार्थ एकाच डबींत, सुमारें पन्नासांश मिलिमीटर जाडीच्या पडद्याआड बसविलेले असतात. डोक्याचा केंसही त्याहून जाड! त्यांना भिजविणारा द्रवही ज्वालाग्राही. घट चेपला, भोसकला, प्रमाणाबाहेर भरला किंवा फार तापला कीं पडदा वितळतो. उष्णतेनें क्रिया वाढते आणि क्रियेनें उष्णता. कोबाल्टचें संयुग तापल्यावर स्वतःच प्राणवायु सोडूं लागतें. म्हणूनच घोंगडें टाकून ही आग कोंडतां येत नाहीं. भरपूर पाणी ओतून घट थंड करणें हाच उपाय. तरीही कांहीं तासांनीं तो पुन्हां पेटूं शकतो.

हें कांहीं पुस्तकी भय नव्हे. ३ सप्टेंबर २०१० रोजीं असे घट वाहून नेणाऱ्या मालवाहू विमानांत आग लागली, तें दुबई येथें कोसळलें आणि दोघेही वैमानिक मरण पावले. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून असे सुटे घट माल म्हणून पाठविण्यास आंतरराष्ट्रीय बंदी झाली. प्रवाशानें मात्र सुटा घट हातच्या पिशवींतच ठेवावा, असा दंडक आहे. पुष्कळांना ही विसंगति वाटते. पण डोळ्यांसमोर पेटलेला घट विझवितां येतो, सामानाच्या कोठ्यांत पेटलेला नाहीं. २०२२ च्या मार्चमध्यें पुण्यांत विजेची एक दुचाकी रस्त्याकडेला जळाली. त्याच वर्षीं वसई येथें घरांत भरण्यास लावलेल्या दुचाकीच्या घटाचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा अंत झाला.

हा घट निजण्याच्या खोलींत, अंथरुणावर किंवा जिन्याखालीं भरूं नये; बाहेर पडण्याची वाटच त्यानें अडते. भरण्याचें यंत्र त्याच घटासाठीं केलेलें असावें. फुगलेला घट टोंचून पाहण्याचा मोह तर कोणीं धरूं नये. तो केरांत न टाकतां जुनीं विद्युत्-उपकरणें घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा.

गुडइनफ यांच्याच टेक्सासमधील प्रयोगशाळेंतून १९९७ सालीं लोहाच्या फॉस्फेटचा मार्ग पुढें आला. त्यांतील प्राणवायु स्फुरदाशीं घट्ट जखडलेला असल्यामुळें तापल्यावरही सहसा सुटत नाहीं. वजन थोडें अधिक, किंमत कमी. चीनमधील विजेच्या मोटारींत आज बहुतांशीं हाच घट असतो. आंतील द्रव मात्र अजून तोच, जळणारा. त्याच्या जागीं घन पदार्थ बसविण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत.