उण्या पावसाचे घर

घराविषयीची कृतज्ञता बहुधा घर सुटल्यावर सुचते. घरात राहत असताना डोळ्यांसमोर असतात त्या उणिवा. पाणी कमी दाबाने येते, खोलीत उजेड नाही, स्टेशन लांब आहे. शहरातील कोणत्याही कुटुंबाकडे ही यादी तयार असते. आहे ते घर गोड मानून घ्यावे, असा उपदेशही आपल्याला वारंवार ऐकायला मिळतो. ते गोड मानायचे कसे, याविषयी मात्र उपदेशक मौन पाळतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

'आदर्श गाव' म्हणून या गावाची ख्याती दूरवर पोहोचली आहे; पण त्या ख्यातीत एक गोष्ट झाकली जाते. गावाचा मूळ दोष आजही तसाच आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या गावी वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एखाद्या वर्षी तोही दगा देतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी आटल्या, डोंगर बोडके झाले, दारू आणि भांडणे वाढली. धडधाकट माणसे मजुरीसाठी मुंबई-पुण्याकडे निघून गेली. या गावी बदली होणे ही सरकारी नोकरांना शिक्षा वाटे.

१९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच म्हणून बिनविरोध निवडून आले. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, उत्तम क्रिकेट खेळणारा हा तरुण शहरात नोकरी करील, अशीच घरच्यांची अपेक्षा होती. पुढे आदर्श गाव योजनेत सहभागी होताना गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरउतारांवर समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडे लावली गेली. गुरे डोंगरावर मोकळी सोडण्याऐवजी विळ्याने गवत कापून आणण्याची शिस्त लागली. हा इतिहास बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल.

त्यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पाणी दिसू लागल्यावर गावाने त्याचा हिशेब मांडायला घेतला. हा हिशेब तसा साधा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. म्हणजे चारशे मिलिमीटर पाऊस झाला तर गावाच्या शिवारावर सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पडते! आकडा ऐकून कोणीही चकित व्हावे. अर्थात यातील मोठा वाटा वाफ होऊन उडतो, काही ओढ्याने वाहून जातो आणि जमिनीत थोडेच मुरते. तरीही 'आमच्या गावात पाऊसच नाही' असे म्हणणारा माणूस आणि 'आमच्याकडे इतके पाणी आले, त्यातले इतके राहिले' असे सांगणारा माणूस यांच्यात फार मोठे अंतर पडते. दसऱ्याला अवजारे पुसून त्यांची पूजा करणाऱ्या आपल्या समाजात कृतज्ञता नेहमीच हातांनी व्यक्त होत आली आहे. पर्जन्यमापकातील नोंद आणि विहिरीतील पाण्याची मोजणी मला त्याच जातीची वाटते.

हिशेब आला की मर्यादाही आल्या. उसाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून ऊस लावायचा नाही, केळी लावायची नाही, असे ठरवणे सोपे नव्हते. शेतीसाठी बोअरवेल घेण्यासही गावाने मनाई केली. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी प्रामुख्याने वरच्या झिजलेल्या थरात साठते आणि उघड्या विहिरी त्यावरच चालतात. एकाने खोल बोअर घेतले तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडू शकते. कांदा, भाजीपाला, ज्वारी-बाजरी आणि दूध यांवर गावाचे अर्थकारण उभे राहिले. १९९५ मध्ये १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० च्या सुमारास अशी तीनच उरल्याचे सांगितले जाई. शहरात गेलेली अनेक कुटुंबे परतली. पवारांना २०२० मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली.

हे चित्र सर्वांगसुंदर आहे असे मात्र नाही. कुटुंबनियोजनासारखी अत्यंत खासगी बाब गावाच्या नियमांत यावी का, याविषयी मतभेद होऊ शकतात. जमीन बाहेरच्या माणसाला न विकण्याच्या निर्णयामुळे शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याला मुरड बसते, हेही खरेच. कडक शिस्तीच्या गावात सर्वांनाच मोकळे वाटत असेल, असे समजण्याचे कारण नाही.

शिवाय परतलेल्या कुटुंबांना गावात काही वेगळा पाऊस भेटला नाही. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचे पाणी आणि गुरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची. पाऊस बरा झाला असेल तर रब्बीचा विस्तार होतो. कमी झाला असेल तर जास्त पाणी पिणारे पीक त्या वर्षी घ्यायचे नाही, हे शेतकऱ्याला चारचौघांत बसून ऐकून घ्यावे लागते आणि त्याप्रमाणे शेताचा काही भाग पडीक ठेवावा लागतो.