वळूची पारख : डोळ्यांनी आणि आकड्यांनी

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या कळपात एक गाय वर्षाकाठी एकच वासरू देते, तर नैसर्गिक पैदाशीत एक प्रौढ वळू एका हंगामात २५ ते ३० गायी फळवू शकतो. आणि नव्या गायी म्हणून घरच्याच कालवडी राखल्या जात असतील, तर आज जन्मणाऱ्या वासराच्या आनुवंशिक ठेव्यातील सात-अष्टमांश भाग हा बाप, आईचा बाप आणि आजीचा बाप या तीन वळूंकडून आलेला असतो. वळूच्या निवडीत झालेली चूक म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या निस्तरावी लागते.

ही निवड केवळ डोळ्यांनी केल्यास काय घडते, हे अमेरिकेने विसाव्या शतकाच्या मध्यास अनुभवले. प्रदर्शनांतील पंचांना तेव्हा आखूड पायांची, ठेंगणी आणि भरीव अंगाची जनावरे पसंत पडत. परंतु खुजेपणाचे सुप्त जनुक, म्हणजे आई व बाप दोघांकडून आल्यावरच प्रकट होणारे जनुक, वाहणारे वळू नेमके याच बांध्याचे दिसत असल्यामुळे बक्षिसे त्यांच्या वाट्याला गेली आणि हिअरफर्ड व अँगस या जातींच्या अनेक कळपांत खुजी, धापा टाकणारी वासरे जन्मू लागली. पुढे फॅशन उलटली आणि उंचाड्या वळूंची चलती झाली, हेही फारसे शहाणपणाचे ठरले नाही.

आज तेथे निवडीचा मुख्य आधार ‘ईपीडी’ हा असतो, म्हणजे एखाद्या वळूच्या संततीत सरासरीने अपेक्षित असलेला फरक. वळूची स्वतःची, त्याच्या नातलगांची व संततीची मोजमापे आणि अलीकडे डीएनए चाचणी यांच्यावरून तो संख्याशास्त्रीय पद्धतीने काढला जातो. एका वळूचा जन्मवजनाचा आकडा १ पौंड आणि त्याच जातीच्या दुसऱ्याचा ५ पौंड असेल, तर सारख्याच गायींपासून होणारी दुसऱ्याची वासरे सरासरी ४ पौंडांनी जड निघतील, एवढाच त्याचा अर्थ. पहिलटकर कालवडींसाठी हा फरक निर्णायक ठरतो, कारण त्या विताना अडण्याचे प्रमुख कारण वासराचा आकार आईच्या कटिभागात न मावणे हे असते. मात्र जन्मवजन आणि पुढील वाढ ही परस्परांशी निगडित असल्याने केवळ हलक्या वासरांचा ध्यास धरणाऱ्याला विक्रीच्या वेळी कमी वजन पत्करावे लागते.

या हिशोबात भारताचाही वाटा आहे. गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरे यांच्या रक्तातून अमेरिकेत ‘ब्रॅहमन’ ही उष्णता व गोचिडांना दाद न देणारी जात घडवण्यात आली. ब्रॅहमन वळू युरोपीय वंशाच्या गायीला लावल्यास वासरू जड निपजते, पण युरोपीय वळू ब्रॅहमन गायीला लावल्यास ते बरेच हलके राहते. संकर तोच असूनही बाप कोणत्या बाजूचा, यावर बाळंतपण सुकर की अवघड हे ठरते.

आकडे कितीही उत्तम असले, तरी नापीक वळू निरुपयोगीच. म्हणून हंगामापूर्वी पशुवैद्य त्याचे पाय, डोळे व जननेंद्रिये तपासतात, वृषणकोशाचा घेर मोजतात (अमेरिकी निकषानुसार १५ महिन्यांपर्यंतच्या वळूत तो किमान ३० सेंटिमीटर असावा) आणि वीर्यातील निदान ७० टक्के शुक्राणू रचनेने निर्दोष आहेत की नाहीत, ते पाहतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे दोन महिने लागत असल्याने आजच्या तापाचा परिणाम अनेक आठवडे टिकू शकतो. त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला यंदा ग्राह्य धरू नये. शिवाय वळूची कामेच्छा या तपासणीत कळत नाही. ती कळपात सोडल्यावरच दिसते, आणि तीन आठवड्यांनी बहुतेक गायी पुन्हा माजावर येऊ लागल्या, तर वळू तत्काळ बदलावा.